हरणासाठी पहिली रायफल : .२४३, ६.५ की .३०८?

प्रश्न थोडक्यात असा: "मूळ साताऱ्याचा, गेली काही वर्षं नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये राहतो. यंदा डीएससी-१ (हरणांच्या शिकारीची पहिली प्रमाणपत्र परीक्षा) पास झालो. ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या जमिनीवर हरणं मारायची लेखी परवानगी दिली आहे. तिथे मंटजॅक भरपूर, फॅलोचे कळप येऊन-जाऊन, रो क्वचित. वर्षातून एकदा मित्रांबरोबर स्कॉटलंडला रेड डियरच्या माद्यांसाठी जायचा विचार आहे. कॉलेजात एनसीसीत .२२ चालवली, तेवढाच आधीचा अनुभव. दुकानदार .२४३ म्हणतो, क्लबातले एक काका .३०८ म्हणतात, व्हिडिओंमध्ये सगळे ६.५ क्रीडमूर आणि एक मित्र .३०० विन मॅगवर (विंचेस्टर मॅग्नम) अडून बसलाय. एकच रायफल घेणार आहे. कोणती घेऊ?"

उत्तर:

सगळं वाचायला वेळ नसेल तर ६.५ घ्या. (हे आकडे म्हणजे कॅलिबर, गोळीचा ढोबळ व्यास: ६.५ मिलिमीटरमध्ये, .२४३ आणि .३०८ इंचांत.) क्रीडमूर की जुनं स्वीडिश ६.५×५५, हे तुमच्या घराजवळच्या दुकानात कोणतं काडतूस बाराही महिने मिळतं त्यावर ठरवा. पण जमलं तर तांब्याच्या गोळ्यांबद्दलचा भाग तरी वाचाच, कारण तुमच्या दुकानदाराचा सल्ला नेमका तिथे जुना पडलाय.

आधी एक गोष्ट. हे सगळं ब्रिटनपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि ती तशीच असावी असं माझं मत आहे. इथली गोष्ट वेगळी. लांडगा, लिंक्स कधीच संपले, हरणांना खाणारं कोणी उरलं नाही, आणि वाढलेले कळप कोवळी झाडं व उभं पीक फस्त करतात. तुमच्या शेतकऱ्याने परवानगी दिली ती त्यासाठीच. त्यामुळे त्याला तुमच्या रायफलीच्या नावाशी काही देणंघेणं नाही. हरीण जागच्या जागी पडावं, जखमी होऊन शेजारच्या रानात जाऊन कुजू नये, एवढंच त्याचं मागणं असतं. कॅलिबरची निवड मी त्याच मापाने करतो.

कायदा काय म्हणतो ते बघू. डीएससी-१ साठी तुम्ही पाठ केलंच असेल, पण पाठ केलेलं आणि दुकानात उभं राहून आठवलेलं यात फरक पडतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या डियर अ‍ॅक्टनुसार कॅलिबर किमान .२४० इंच, नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड, आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची, म्हणजे आत शिरल्यावर फुलणारी. मंटजॅक आणि चायनीज वॉटर डियर या दोन छोट्यांसाठी २००७ पासून सूट आहे: .२२० इंच, १,००० फूट-पाउंड, किमान ५० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). स्कॉटलंड कॅलिबर मोजतच नाही. तिथे गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा बघतात: वेग किमान २,४५० फूट प्रति सेकंद, ऊर्जा १,७५० फूट-पाउंड, आणि वजन पूर्वी १०० ग्रेन होतं ते २०२३ साली ८० वर आणलं. रोसाठी तिथे ५० ग्रेन आणि १,००० फूट-पाउंड चालतात. उत्तर आयर्लंडचे नियम आणखी निराळे, पण तुम्ही तिकडे जात नाही, सोडून देऊ.

यातून एक गंमत निघते. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंडमध्ये, .२२३ ने रो मारला तर तो गुन्हा. ट्वीड नदी ओलांडून स्कॉटलंडात गेलात की तीच रायफल, तेच काडतूस, तेच जनावर, सगळं कायदेशीर. म्हणून "हरणासाठी .२२३ चालते" असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं, कुठल्या हरणासाठी आणि कुठे? .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी साधारण १,२८० फूट-पाउंड देते. मंटजॅकला पुरेशी, कोल्ह्याला उत्तम, फॅलोला बेकायदेशीर. तुमची पहिली आणि एकुलती रायफल म्हणून ती बाद.

आता तुमच्या जमिनीवरची जनावरं. मंटजॅक म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा चिनी भाऊबंद, दहा ते सोळा किलोचा, झुडपातून झुडपात सटकणारा. रो वीस-पंचवीस किलोच्या आत. फॅलोचा नर मात्र पन्नासपासून नव्वदपर्यंत जातो. अंगावर चितळासारखे ठिपके बघून तो नाजूक वाटेल, पण गैरसमज करून घेऊ नका. छातीत नीट लागल्यावरही तो झाडीत साठ-सत्तर यार्ड पळू शकतो. स्कॉटलंडच्या डोंगरावरची रेड डियरची मादी फॅलोच्या नराच्या आसपास येते, नर तिच्याहून बराच मोठा. म्हणजे एकाच रायफलीला दहा किलोपासून शंभरपर्यंतचं काम करायचंय. ऐकायला अवघड वाटतं, पण मधल्या आकाराची बहुतेक काडतुसं ते आरामात करतात. छोट्या हरणाला मोठी गोळी लागली तर मटण थोडं जास्त वाया जातं. मोठ्या हरणाला छोटी गोळी चुकीच्या जागी लागली तर रात्रभर टॉर्च घेऊन शोध. यातला कुठला त्रास पत्करायचा हे मला विचाराल तर पहिला.

.२४३ विंचेस्टर. दुकानदाराला दोष देऊ नका. १९५५ साली .३०८ च्या काडतुसाची मान आवळून ही बनवली आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये नवशिक्याला हीच दिली जाते. कारणं खरी आहेत: धक्का कमी, गोळीची वाट सपाट, काडतुसं प्रत्येक दुकानात, आणि .२४० ची अट ती अगदी काठाकाठाने पार करते. कोल्ह्यापासून रेड डियरच्या मादीपर्यंत सगळं तिने होतं. हजारो लोकांनी केलंय, मीही केलंय. पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं असतंत तर मी पुढचं काही न लिहिता ".२४३ घ्या" म्हटलं असतं.

पण तिच्या हाती सूट-सवलत फार कमी उरते, आणि ही गोष्ट आकड्यांत बघण्यासारखी आहे. हिशोब सोपा आहे: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. डब्यावर १०० ग्रेन आणि २,९६० फूट वेग लिहिलेला असतो, म्हणजे १,९४६ फूट-पाउंड. छान. पण डब्यावरचा आकडा सहसा चोवीस इंची नळीचा असतो. हल्ली मॉडरेटर, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो ते, लावल्यावर रायफल आवरावी म्हणून लोक अठरा-वीस इंची नळ्या घेतात. तिथे वेग २,७८० वर आला असं धरा. ऊर्जा किती? १,७१६. इंग्लंडमध्ये कायदेशीर, स्कॉटलंडमध्ये नाही. तुमचं काडतूस सीमेवरच्या बेरिकपाशी गुन्हेगार झालं आणि तुम्हाला पत्ताही नाही. आखूड नळीची .२४३ घेतलेल्या प्रत्येकाने एकदा तरी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतःच्या रायफलीतून स्वतःचं काडतूस मोजावं. आपण मोजलेला आकडा हाच खरा.

दुसरी अडचण झाडीतली. .२४३ ची शिशाची गोळी मोठ्या फॅलोच्या खांद्याच्या हाडावर लागली तर कधी कधी दुसऱ्या बाजूने बाहेर पडत नाही. जनावर मरतं, पण आधी पळतं, आणि बाहेर पडण्याचं भोक नसल्यामुळे रक्ताचा माग मिळत नाही. मोकळ्या शेतात हे चालून जाईल. नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पालापाचोळ्यात, ब्रॅकन नेच्याच्या गर्दीत चालत नाही. माग काढणारा कुत्रा असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे अजून कुत्रा नाही, असं मी धरून चालतो.

आणि उलट टोकाला, हीच वेगवान गोळी मंटजॅक किंवा रोला जवळून लागली की खांद्याचं मांस रक्ताळून जेली होतं. आपल्याकडच्या सुक्या मटणाला खांद्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, म्हणून मला हे जरा जास्तच बोचतं. इथले लोक कंबरेचा तुकडा आणि मांड्या घेऊन खूश असतात.

आता तांबं. जुलै २०२५ मध्ये सरकारने शिशाचे छरे आणि शिकारीसाठीच्या मोठ्या कॅलिबरच्या शिशाच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं, तीन वर्षांच्या मुदतीने. स्कॉटलंडच्या सरकारी जंगलांत तांबं त्याआधीपासून रुळलेलं आहे, आणि हरीण विकत घेणारे अनेक गेम डीलर शिशाच्या गोळीचं जनावर घ्यायला नाखूश असतात. तुम्ही आज घेतलेली रायफल वीस वर्षं वापरणार. त्यातली बहुतेक वर्षं तुम्ही तांबंच झाडणार आहात. घरात लहान मुलं असतील तर बंदीची वाट बघायचीही गरज नाही. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात, आणि ते आमटीत उतरतात.

तांब्याने कॅलिबरचा सगळा हिशोब कसा बदलतो? शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या आत. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत सरळ राहायची तर तिला जास्त वेगाने फिरवावं लागतं, आणि ते काम नळीतल्या पिळाचं, म्हणजे आतल्या वळणदार खाचांचं. बहुतेक .२४३ रायफलींचा पीळ दहा इंचांत एक फेरा असतो. त्यात ८०-८५ ग्रेनपर्यंतच्या तांब्याच्या गोळ्या बऱ्या चालतात, त्यापुढे जमाव, म्हणजे एका जागी गोळ्या पडणं, विस्कटायला लागतो. म्हणून .२४३ वाल्यांना हलक्या गोळ्यांवर यावं लागतं. स्कॉटलंडने १०० ची अट ८० वर आणली तीही याचसाठी. पण ऊर्जेची अट तशीच आहे. ८० ग्रेन ३,१०० च्या वेगाने सुटली तर १,७०७ फूट-पाउंड. इंग्लंडमध्ये कशीबशी पास, स्कॉटलंडमध्ये नापास. ३,२०० मिळाले तर १,८१९ आणि सुटलात. बघा, परत काठावरच.

६.५ च्या नळ्यांचा पीळ मुळातच घट्ट असतो, साधारण आठ इंचांत एक. लांब गोळ्यांसाठीच त्या बनल्या. १२० ग्रेनच्या आसपासची तांब्याची गोळी त्यांतून निवांत जाते आणि तिन्ही अटी हात राखून पार करते. .३०८ मध्ये १३० ते १५० ग्रेन तांबं, तिथेही प्रश्न येत नाही. शिशावरून तांब्यावर येताना वजनाची एक पायरी खाली उतरायची, हा साधा नियम लक्षात ठेवा. तांब्याला फुलायला वेग लागतो. हळू गेली तर ती पेन्सिलसारखी आरपार निघून जाते आणि जनावर लांब पळतं. हलकी गोळी वेगात जाते, म्हणून हलकी घ्यायची. आणखी एक सवय बदला: शिशाने हृदय-फुप्फुसावर, पुढच्या पायाच्या जरा मागे मारलं की काम होतं. तांब्याने मी नेम थोडा पुढे, खांद्याच्या रेषेजवळ घेतो. हाडाचा अडथळा तांब्याला मानवतो, आणि शिशासारखी ती मांसाचा चिखलही करत नाही. माझा खांद्याच्या मटणाचा प्रश्न तांब्याने बऱ्यापैकी सोडवला, हे सांगायला हवं.

आता धक्क्याबद्दल. सगळ्यात जास्त हरणं जखमी होतात ती इथे, आणि दुकानात यावर कोणी बोलत नाही.

एनसीसीच्या .२२ ला धक्काच नव्हता. तुमचं शरीर त्यावर शिकलंय. आता आठ पौंडांच्या आसपासच्या रायफलीत .२४३ चा धक्का ढोबळमानाने दहा फूट-पाउंड, ६.५ चा बारा-तेरा, .३०८ चा सोळा-सतरा, आणि तुमच्या मित्राच्या .३०० विन मॅगचा पंचवीसच्या वर. मॉडरेटर लावला की सगळेच आकडे बरेच खाली येतात, आणि कानही वाचतात. मॉडरेटरशिवाय हरणाची रायफल आता मी कोणालाच सुचवत नाही. आकडे महत्त्वाचे नाहीत. माणूस धक्क्याची वाट बघायला लागतो, हे महत्त्वाचं. चाप दाबायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट चाप दाबण्याऐवजी ओढतं. गोळी सहा इंच खाली किंवा मागे जाते. कागदावर ते फक्त वाईट भोक दिसतं. हरणाच्या बाबतीत ते पोट असतं.

ओळखायचं कसं? सोबतच्या माणसाला मॅगझिन भरायला सांगा, आणि मध्येच कुठेतरी एक डमी काडतूस घालायला सांगा, तुम्हाला न कळता. डमीवर चाप दाबल्यावर नळी जागची हलली नाही तर ठीक. नळीने खाली डोकं घातलं तर तुम्ही दचकताय. हा प्रयोग रायफल विकत घ्यायच्या आधी करा. क्लबात कोणाची तरी ६.५ असेल, कोणाची .३०८; रेंजवर दोन्ही झाडून बघा, शूटिंग स्टिक्सवरून (रायफल टेकवायच्या काठ्या), उभं राहून, कारण प्रत्यक्षात बेंच नसतो. पाचव्या-सहाव्या गोळीनंतरही तुम्हाला "अजून एक" म्हणावंसं वाटतंय की "झालं आता"? ज्या कॅलिबरला "अजून एक" वाटतं, तेच तुमचं. माझ्याबरोबर येणाऱ्या नव्या लोकांपैकी जे वरचेवर सराव करतात ते .२४३ किंवा ६.५ वाले असतात. दणदणीत कॅलिबर घेतलेला माणूस वर्षाला एक डबा संपवतो, तोही झीरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळतात का ते, तपासण्यात.

त्यामुळे विन मॅगचा विषय इथेच संपवू. ते वाईट काडतूस नाही, पण ज्या अंतरासाठी ते बनलं ती अंतरं तुमच्या शेतावर नाहीतच. इंग्लंडमधल्या झाडीत बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आत-बाहेर मारली जातात, स्कॉटलंडच्या डोंगरावर थोडं जास्त, आणि नवशिक्याने दीडशेपुढे चाप दाबूच नये असं मी ठामपणे सांगतो. या अंतरात "सपाट वाट" वगैरे गप्पांना अर्थ नाही. .२४३, ६.५, .३०८, तिन्ही शंभर यार्डांवर एक इंच वर लावा. दोनशेवर कोणतीच फार तर दोन-अडीच इंचांहून खाली जात नाही. डीएससी-१ ला तुम्ही चार इंचांच्या वर्तुळात गोळ्या बसवल्यात. हरणाच्या छातीतली कामाची जागा त्याहून मोठी आहे. कॅलिबर बदलून तुमचा नेम सुधारणार नाही.

.३०८ वर क्लबातल्या काकांचं म्हणणं खोडून काढणार नाही. भारतीय लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलीचं ७.६२×५१ काडतूस हे हिचंच लष्करी रूप, म्हणून लष्करातल्या मराठी लोकांना ती घरची वाटते. फायदे भरपूर: काडतुसं मुबलक आणि सहसा स्वस्त, सेकंडहँड रायफली ढिगाने, नळी आखूड केली तरी वेग फारसा पडत नाही, आणि मोठी गोळी आरपार जाऊन रक्ताचा माग सोडते. पुढे तुम्ही कधी डॉर्सेटला सिका या मूळच्या जपानी हरणाच्या मागे गेलात, तर सिका किती चिवट असतो ते कळेल, तिथे मीसुद्धा .३०८ उचलतो. तोटा एकच, धक्का. जड रायफल आणि चांगला मॉडरेटर असेल तर तोही आवाक्यात येतो. कोणी ओळखीचा माणूस नीट ठेवलेली .३०८, दुर्बिणीसकट, योग्य किमतीला देत असेल तर हे सगळं विसरा आणि ती घ्या. फक्त १८० ग्रेनच्या जड गोळ्यांच्या नादी लागू नका. आखूड नळीत त्या स्कॉटलंडच्या २,४५० च्या वेगाजवळ येऊन ठेपतात आणि त्यांचं इथे काही काम नाही.

मग ६.५. हा मधला रस्ता आहे, पण तडजोड म्हणून मी तो सुचवत नाही. ६.५×५५ हे १८९४ चं स्वीडिश-नॉर्वेजियन लष्करी काडतूस. स्कँडिनेव्हियात लोक त्याने मूस मारत आलेत, म्हणजे आपल्या घोड्याएवढं जनावर, मग फॅलोची काय कथा. लांब, बारीक गोळी मध्यम वेगाने जाते, खोलवर शिरते, धक्का सौम्य, मटण फारसं फाडत नाही. १४० ग्रेन २,६०० ने सुटली तर २,१०० फूट-पाउंड होतात. दोन्ही देशांच्या अटींवर भरपूर जागा उरते. क्रीडमूर २००७ चं, अमेरिकेत लक्ष्यभेदासाठी बनवलेलं, काडतूस आखूड, वेग जरा जास्त. दोनशे यार्डांच्या आत हरणाला या दोघांतला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. क्रीडमूरची बाजू एवढीच, की नव्या रायफली आणि तांब्याची नवी काडतुसं त्यात जास्त येतात. स्वीडिशची बाजू, की जुन्या, सुरेख बनावटीच्या रायफली त्यात मिळतात. स्वीडिशमध्येही १५६ ग्रेनच्या जड गोळ्या आखूड नळीतून स्कॉटलंडचा वेग चुकवू शकतात, तेवढं सांभाळा.

.२७० आणि .३०-०६ डोंगरावरच्या जुन्या लोकांची लाडकी, कामाला चोख, आवाज आणि धक्का जास्त. ७ एमएम-०८ फार गुणी, पण खेड्यातल्या दुकानात शनिवारी सकाळी मिळेलच याची खात्री नाही. पुढे जा.

पैशांचं म्हणाल तर रायफलीवर वाचवा, दुर्बिणीवर नको. इंग्लंड-वेल्समध्ये सूर्योदयाच्या एक तास आधीपासून सूर्यास्तानंतर एक तासापर्यंत हरीण मारता येतं, आणि जनावरं नेमकी त्या दोन्ही टोकांच्या तासांतच बाहेर पडतात. स्वस्त काचेतून त्या उजेडात नर-मादी ओळखू येत नाही, मागे पाऊलवाट आहे की बांध तेही दिसत नाही. ८×५६ ची साधी, स्थिर, चांगल्या काचेची दुर्बीण जुनी मिळाली तरी चालेल. मध्यम किमतीची फिनिश किंवा जपानी बनावटीची रायफल तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ मारते.

गोळी कुठे थांबणार, हा विचार कॅलिबर लहान घेतल्याने टळत नाही. नॉर्थॅम्प्टनशायर सपाट आहे. यातली कुठलीही गोळी चुकली तर मैलोन्‌मैल जाऊ शकते. शेतकऱ्याशी बोलून दोन-तीन ठिकाणी हाय सीट, म्हणजे मचाण, उभारा, म्हणजे गोळी वरून खाली मातीत जाईल. तांब्याची गोळी आरपार गेल्यावर एकसंध राहते, त्यामुळे हरणामागची माती शिशाच्या दिवसांपेक्षाही काळजीने बघा.

आता अर्ज. एफएसीसाठी (रायफलीचा परवाना) पोलिसांना प्रत्येक रायफलीमागचं सबळ कारण लागतं; तुमच्याकडे परवानगीचं पत्र आणि डीएससी-१ दोन्ही आहेत, म्हणजे अर्धं काम झालं. अर्जात कॅलिबर नेमकं लिहा. नुसतं "६.५" लिहाल तर परत पत्र येईल, "६.५ क्रीडमूर" किंवा "६.५×५५" असं ठरवून लिहा, म्हणजे दुकानातला साठा बघण्याचं काम अर्जाच्या आधी. मॉडरेटरचं काय करायचं ते तुमच्या फायरआर्म्स खात्याला फोन करून विचारा. अटींमध्ये हरणांबरोबर "इतर कायदेशीर जनावरं" असा उल्लेख मागा, नाहीतर मेंढ्यांच्या विण्याच्या दिवसांत शेतकरी कोल्ह्यासाठी फोन करेल आणि तुम्हाला नाही म्हणावं लागेल. काडतुसांचा साठा सरावासकट हिशोब करून मागा. लोक संकोचून कमी मागतात आणि मग सराव टाळायला तेच कारण पुरतं. पहिल्या रायफलीसोबत काही पोलीस खाती अनुभवी माणसाबरोबरच जाण्याची अट घालतात. ती अट आली तर वाईट वाटून घेऊ नका, एरवीही पहिला हंगाम तसाच काढायचा असतो.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागेल. तेवढ्यात खासगी जमिनीवर, मालकाच्या किंवा त्याने नेमलेल्या अनुभवी माणसाच्या सोबतीने, त्याची रायफल उसनी घेऊन जाता येतं. या सवलतीच्या अटी आधी वाचून घ्या. पैसे देऊन एक-दोन दिवस एखाद्या व्यावसायिक स्टॉकरबरोबर (हरणांचा शिकारी) जा आणि त्याला सांगा, मला ६.५ आणि .३०८ दोन्ही हातात घेऊन बघायच्यात. आणि रायफल हाती आली की तांब्याची दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीची काडतुसं प्रत्येकी एक डबा आणून झाडा. नळ्यांच्या आवडीनिवडी असतात, एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही. जो डबा शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत जमाव देईल, त्याच लॉट नंबरचे परवान्यात बसतील तेवढे डबे त्याच दिवशी उचला. पुढच्या महिन्यात दुकानात दुसरा लॉट आलेला असतो आणि झीरो पुन्हा लावत बसावा लागतो.